पेव

हाड मोडलं तेव्हा अप्पा पुरते शुद्धीवर होते.
अँब्युलन्सवाल्याशी मिरजेपर्यंतचं भाडं त्यांनीच ठरवलं,
शंभर रुपये तोडून.

ऑपरेशन छान झालं, मगदूम डॉक्टर म्हणाले.
फोटोतही दिसत होतं: खुब्यात पांढरा खिळा, सरळ.

तिसऱ्या रात्री ते एस्तेर सिस्टरना म्हणाले,
"बाई, आधी कंदील सोडा.
विझला तर माणूस उतरवू नका."

कुठला कंदील, सिस्टरनी मला विचारलं.
मग मी हरिपूरची पेवं सांगितली:
अरुंद तोंड, खाली हत्ती मावेल एवढं पोट,
आत हळद भरून वरून मातीनं लिंपलेलं.
वर्षांनी उघडलं तरी कीड नाही, रंग तसाच.
पण आतली हवा जीव घेते,
म्हणून दोरीनं आधी उजेड उतरवायचा.

या दवाखान्याच्या तळमजल्यावर, लॅबमध्ये,
मला एकोणीस वर्षं झाली.
अप्पांचं रक्त मीच काढलं.
नळीवर माझं माहेरचं आडनाव लिहिलं, कितीतरी दिवसांनी.
सीआरपी एकशे चौऱ्याऐंशी.
पुन्हा लावलं. तेवढंच.

भूल उतरली, असं केसपेपरवर लिहिलंय.
सगळे भुलीलाच बोल लावतात. धाकटी आत्या तर डॉक्टरांच्या तोंडावर बोलली.
मला जेवढं कळतं ते असं:
हाड कापलं की फुटल्या पेशींतून एक प्रथिन निसटतं,
एरवी केंद्रकात डीएनए धरून गप्प बसणारं.
रक्तात आलं की तेच गावभर बोंब मारतं.
पांढऱ्या पेशी ऐकतात,
आणि इंटरल्यूकिनचं पेव फुटतं.
मेंदूच्या वेशीवर खांद्याला खांदा लावून उभ्या पेशी,
अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी त्यांच्या रांगेत फटी.
आतल्या राखणदार, मायक्रोग्लिया,
बारीक फांद्या पसरून बसलेल्या असतात,
त्या फांद्या आखडतात, फुगतात,
आणि कचरा समजून जोडच खायला लागतात,
जिथं काल आजला बांधलेला असतो, तिथले.

हे उंदरांत दिसलंय.
माणसांत अजून वाद आहे.
अप्पांचं काय झालं ते मला कुठल्याच नळीत दिसणार नाही.

आठव्या दिवशी कंदिलाचं बोलणं थांबलं.
घरी आणलं. वॉकर, भिंत, पुन्हा वॉकर.
बघायला येणारे म्हणतात, हळद-दूध द्या.
चाळीस वर्षं मार्केट यार्डात हळदीचा सौदा केलेल्या माणसाला.
अप्पा हसतात, जरा उशिरा.
चष्मा फ्रिजमध्ये ठेवतात.
नातवाला माझ्या भावाच्या नावानं हाक मारतात
आणि तो ओ देतो, शहाणा आहे.

रोज संध्याकाळी मी दोरी सोडते.
अप्पा, पाऊण सत्ते?
थांबते.
पूर्वी प्रश्न संपायच्या आत उत्तर यायचं.
आता ते छताकडे बघतात,
ओठ हलतात,
ज्योत आडवी होते.
कधी "सव्वापाच" येतं.
कधी येतं, "तू कोणाची गं?"

काल टॉवेल त्यांच्या मांडीवर होता.
मी त्याखाली हात घातला, सहज,
आणि त्यांची बोटं जागी झाली.
माझी चार बोटं धरली, दाबली, सोडली,
मग दोन, मग अंगठ्याचं मूळ.
जुन्या सौद्याची भाषा, रुमालाखालची,
भावाला शिकवली होती, मला नाही.
डोळे स्वच्छ, माझ्यावर रोखलेले.
दर सांगून झाला होता.
गिऱ्हाईक मुकं होतं.

कशाचा दर, किती, मला कळलं नाही.
मी त्यांची दोन बोटं धरली, अंदाजानं.
त्यांनी मान हलवली:
नाही. परवडत नाही.
आणि हात सोडला नाही.