किमान

खिडकीतून डबा आला तेव्हा अकरा वाजून सहा मिनिटं.
वर पेन्सिलीनं: वय सव्वीस, डावं अंडाशय.
खाली डॉ. थुरैयांच्या घाईच्या अक्षरात
दुसरं ठेवू का?

बाहेर सोहारचं ऊन सत्तेचाळीसवर,
पार्किंगमधली स्टिअरिंगं हात लावू देत नाहीत.
माझ्या यंत्राच्या पोटात उणे चोवीस.
दोन्हीच्या मधे मी, स्वेटर घालून.

गाठ नारळाएवढी. वजन केलं, शाई लावली.
सुरी घातली तर आतून पेजेसारखं बुळबुळीत काही,
कप्प्याला लागून कप्पा, भिंती गुळगुळीत,
आणि एका कोपऱ्यात बोटाला खरखर,
घास नीट असताना दाताखाली खडा यावा तशी.
तिथलाच तुकडा घेतला. मग शेजारचा एक.

गोठायला मिनिटभर.
पातं फिरतं, पाच मायक्रॉनचा पापुद्रा सुटतो
आणि लगेच गुंडाळतो, सुरळीची वडी.
श्वास रोखून ब्रशानं उलगडायचा.
ब्रश म्हणे उंटाच्या केसांचा;
डबीवर वाचलं तर खारीचे निघाले.
अकरा वर्षं आखातात, आणि उंटाशी एवढाच संबंध होता.

निळा रंग, गुलाबी रंग, काच.
दुतोंडी मायक्रोस्कोपच्या पलीकडे इब्तिहाल.
ती बोलत नाही. मीही नाही.
पेशी एकीवर एक चढल्यात, दाटीवाटीनं,
पण कुंपण ओलांडलेलं दिसत नाही
इथं.
अख्ख्या नारळातलं मी दोन नखांएवढं पाहिलंय.

फोनवर थुरैया.
"कॅन्सर? हो की नाही?"
"किमान बॉर्डरलाइन."
"किमान म्हणजे?"
म्हणजे एवढं तरी नक्की. याहून कमी नाही.
याहून जास्त असेल तर ते मेणात बसवून, परवा.
पलीकडे मॉनिटरची टीक, टीक.
उघड्या पोटाशी उभं राहून परवाचं काय करायचं,
हे मला तिला सांगता येत नाही.
"ठेवते दुसरं," ती म्हणते.
मी वेळ लिहिते. अकरा एकोणतीस.

कॉरिडॉरमध्ये, कूलरपाशी, एक पोरगा.
दिश्दाशाची बाही ओली, टोपी मुठीत चुरगळलेली.
कप कुठे मिळतील, विचारतो.
कुणाचा कोण, मी विचारत नाही.
बोट दाखवते,
हातमोज्यातूनही उतरलेली शाई त्यावर, निळी.
साबणानं जात नाही ही.
परवापर्यंत राहते.