पुढला महिनामा ये

आज पुन्हा अमळनेर.
मणक्याची तारीख.
घरात असंच म्हणतात आता,
गॅसची तारीख, लाइट बिलाची तारीख,
तशी ही.

चोपड्याहून निघालेली एसटी तापीच्या पुलावर येते
आणि पुलाच्या प्रत्येक सांध्यावर
धडक्.
धडक्.
ओठ मिटून मी मोजत बसतो.
कंडक्टर ओळखीचा झालाय, मागची सीट देत नाही.
"पुढं बसा भाऊ, दणका कमी."

सत्तावीस वर्षं अडावदला केळीचे घड वाहिले.
घडाला नख लागलं तरी डाग पडतो,
दोन दिवसांत काळा, आणि व्यापारी भाव पाडतो.
म्हणून त्याच्यासाठी खांद्यावर गादी,
म्हणून कमरेत वाकून, निजलेलं लेकरू ठेवावं तसा
तो ट्रकमध्ये ठेवायचा, पानांच्या अंथरुणावर.
माझं अंथरूण फार उशिरा आलं.
काळ्या रेक्झिनचं, तोंड घालायला मधोमध भोक.

त्या भोकातून दिसतात
डॉक्टर नसरीन तडवीच्या चपला
आणि तडा गेलेली एक फरशी.
सहा वर्षांत तडा वाढला नाही.
तेवढं बघून घेतो दर वेळी.

"आठे दुखस का?"
नाही.
"आठे?"
मी गप्प. तिचा अंगठा तिथंच थांबतो.
श्वास सोडा म्हणते,
आणि मी अजून सोडतोच आहे तोवर
कडाक्,
उन्हात तुरीची शेंग तडकावी तसं.

पहिल्या वर्षी विचारायचो, कायमचं कधी बरं होईल.
ती पुलाचंच सांगायची:
सांध्यात फट ठेवतात, मे महिन्यात पूल फुगतो,
फटीत माती भरली की काढावी लागते, दरसाल.
"म्हणून पूल काय आजारी असतो, काका?"
मला पटलं नाही.
पूल थोडाच केळी वाहतो.
(घरी जाताना आठवलं, वाहतो की. ट्रकच्या ट्रक.)

तिचा बाप सुभान माझा जोडीदार.
मी घड तोलून द्यायचो, तो खांद्यावर घ्यायचा.
संध्याकाळी उंबऱ्याशी पालथा पडायचा
आणि ही पाच वर्षांची, दाराची कडी धरून
त्याच्या पाठीवर चालायची.
"जराखं खाले," तो म्हणायचा, "आखो खाले."
पुढं ती कुठं कुठं शिकली, भिंतीवर चौकटी आहेत.
मला वाटतं, अजून तिला टाचेनंच कळतं.
सुभाननं हे टेबल पाहिलं नाही.

पैसे देतो, सोबत केळीची एक फणी.
ती चिडते, "वजन उचलायचं नाही सांगितलं ना?"
फणीचं कसलं वजन.
ती चादर झटकते. दारात पुढचा माणूस,
एक हात कमरेवर.
"पुढला महिनामा ये."
येतो.

परतताना पुलावर पुन्हा मोजायला घेतलं,
अर्ध्यात चुकलो.
खाली नदीत कुणीतरी म्हशी धूत होतं.