चाळीस सेकंदांची बायको

फहाहीलला, गुरुवारी रात्रीचा पावणेबाराचा खेळ.
एसी इतका की मी दोन्ही हात ओढणीत घेतले,
आणि पडद्यावरचा वकील घामानं डबडबलेला.
काळा कोट, फुगलेली फाईल, समोर कारखान्याचा मालक.
खाली पिवळ्या अक्षरांत अरबी.

सगळे चेहरे बघत होते. तू अक्षरं.
मध्येच नाकातल्या नाकात हसलास.
"यांनी 'स्टे'चं इकामा केलंय," कानाशी म्हणालास,
"तो कोर्टाकडे स्थगिती मागतोय
आणि हे लिहितात, राहायचा परवाना मागतोय."
पुढच्या रांगेतला माणूस वळून बघायला लागला.
मी हसले नाही.
आपल्या इकाम्याचे सव्वीस दिवस उरले होते.

त्या वकिलाला बायको होती.
पहिल्या अर्ध्या तासात दोनदा चहा आणते,
एकदा विचारते, फी मिळाली का,
मग एका पहाटे लाल बॅग घेऊन दारात उभी.
तो फाईलीतून मान वर करतो. दार लागतं.
मी मोजलं, चाळीस सेकंद.
एवढ्यात तिनं मुलीचे मोजे कधी शोधले,
गॅसचा खटका दोनदा कधी तपासला,
राहायला येऊ का, हे कुणाला फोन करून
कुठल्या आवाजात विचारलं,
काही दाखवलं नाही.

मला विचार. मी तीन आठवडे भरतेय.
तीस किलो, वर सात हातातले.
नूरैनची पुस्तकं ठेवली की कुकर बाहेर राहतो.

ते अकरा जण आपल्या घरी आले ते आधी कागदावर,
जेवणाच्या टेबलावर, पासपोर्टच्या झेरॉक्स होऊन.
सात महिन्यांचा पगार बुडालेला.
राजय्याच्या फोटोवर नूरैननं वरणाचा चमचा ठेवला.
तो पिवळा डाग पुढं कोर्टातसुद्धा जाऊन आला.
रात्रभर तू त्यांच्या जबान्यांचं अरबी करायचास,
आणि झोपेत तेलुगूसारखं काहीतरी बोलायचास.

अबू नासरनं दोन इस्तिकाना चहा पाजला
आणि मग सांगितलं,
त्या कंपनीचा मालक माझ्या दिवाणियात बसतो रे,
तू आता दुसरं ऑफिस बघ.
बोलला मात्र फार मायेनं.
माझ्या पाटल्या ग्रॅमवर गेल्या.
नक्षीचे पैसे आम्ही धरत नाही, सोनार म्हणाला.

सातापैकी चार महिन्यांचे मिळाले त्यांना.
राजय्या दोन किलोचा हमूर घेऊन जिना चढला,
कागदातून पाणी गळत होतं, पायरीपायरीवर.
तीन दिवस खाल्ला आपण.
खरं सांगते, इतका गोड मासा मी
बाणकोटलाही खाल्ला नव्हता. म्हणूनच राग येतो.

शेवटी निकाल लागला. टाळ्या, एक शिट्टी.
वकील पायऱ्या उतरतो, कबुतरं उडतात,
त्या गर्दीत मी लाल बॅग शोधत होते.
नावं वर सरकू लागली. चहावाल्याचंसुद्धा नाव होतं.
ती खूप खाली. "वकिलाची पत्नी".

मंगफच्या सिग्नलला तू म्हणालास,
"ती मग परत आलीच नाही का गं?"
"तू वाचत होतास," मी म्हटलं.
हिरवा पडला तरी तू गाडी हलवली नाहीस.
मागच्यानं हॉर्न दिला.

मग तुझा फोन वाजला, माझ्या पर्समध्ये.
रात्रीचे अडीच. राजय्या.
कुणाचे कोण, दुसऱ्याच कंपनीतले, एकोणीस जण,
छावणीची वीज तोडलीय म्हणे, ऑगस्टात.
तू माझ्याकडे बघितलंस. मंगळवारचं विमान
आपल्या दोघांच्या मध्ये, हँडब्रेकवर बसलेलं.
मी फोन तुझ्या हातात दिला.

रस्त्याच्या कडेला गाडी, चारही दिवे लुकलुकत.
तू काचेवरच्या धुळीत बोटानं नावं लिहून घेत होतास.
मी उरलेल्या लाह्यांचा डबा मांडीवर धरून
सेकंद मोजायला लागले.
चाळीसच्या पुढं गेल्यावर
सोडून दिलं.