रोजकीर्द आधी

विश्रामबागेत, तिसऱ्या मजल्यावर, रात्री पावणेदोनला
मी एका चिपला लिहायला शिकवतेय.
नखाएवढी चिप. पुलाच्या चौथ्या खांबावर
लोखंडी पेटीत बसून ती
दर पाच मिनिटांनी कृष्णेची उंची टिपणार.
वीज जाणार, हे धरूनच चालायचं.
लिहिता लिहिताच जाणार, हेही.

तिचा स्वभाव कळायला हरिपूरची पेवं आठवावी लागली.
हळद पाटी-पाटीनं भरतात,
फोडलं की मात्र अख्खं पेव उपसायचं;
मधली एक पाटी हवी म्हणून कुणी तोंड उघडत नाही.
इथंही पान एकेक लिहा,
पुसायचा तर सगळा ठोकळा,
त्यातलं जे अजून खरं आहे ते आधी दुसरीकडं हलवून.
आणि दर पुसण्यानं भिंत थोडी झिजते.
म्हणून पाळी लावायची, आज हे, उद्या ते,
एकाच्याच नशिबी रोजची कुदळ नको.
पेवात उतरण्याआधी दोरीनं कंदील सोडायचे,
विझला तर ते पेव वाईट.
वाईट ठोकळ्यांची यादी मी वेगळी ठेवलीय.

खोडायचं नाही. नवं पुढं लिहायचं.
हे मला कुणी शिकवायला नको होतं.
आमचे अप्पा, सुकुमार मगदूम, दिवाणजी,
मार्केट यार्डात एकाच अडतीवर एकतीस वर्षं,
कधी आकडा गिरवला नाही.
चुकलं तर खाली दुसरी नोंद, लाल शाईत,
चुकीची तशीच वर, उघडी.
"रोजकीर्द आधी, खतावणी मागनं," म्हणायचे.
"खतावणी बुडली तर रोजकीर्दीवरनं उभी राहतीया.
उलटं होत न्हाई."

मी झाड बांधलं.
पान बदललं की फांदी नव्या जागी लिहावी लागते,
फांदी हलली की खोड, खोड हललं की मूळ.
एका आकड्यापायी अख्खं झाड सरकतं.
मग वीज आल्यावर चिपनं मूळ शोधायचं कुठं?
दोन ठरलेल्या जागा, दोन्हींवर क्रमांक.
मोठा क्रमांक खरा, पण बेरीज जुळली तर.
नाही जुळली तर धाकट्यावर विश्वास,
आणि मधलं जे झालं
ते झालंच नाही.

इथं हात थांबला.

पुराच्या वर्षी, यार्डात पाणी शिरलं त्या रात्री
अप्पा लिहीत होते:
हळद राजापुरी, पोती चाळीस, जमा
आणि दिवे गेले. नाव राहिलं.
महिन्यानं, चिखल खरवडून झाल्यावर,
कवठेपिरानहून आदगोंडा पाटील आले. ती चाळीस माझी.
मालक म्हणाले, दिवाणजी सांगतील तसं.
अप्पांनी वही उघडली. पान अजून ओलं, शाई फुटलेली.
त्यांना आठवत होतं. मी समोर होते, मला माहीत आहे.
"अर्धं लिवलेलं लिवलेलं नसतंय, आदगोंडा."
आदगोंडा चहा न पिता उठले.

त्यानंतर पाच वर्षं
घरी येणारा पगार थोडा कमी यायचा.
आईनं विचारलं नाही.
कुठल्याच वहीत त्याची नोंद नाही.

मी ओळ पुरी केली: बेरीज जुळेना, तर टाकून द्या.
तेच बरोबर आहे. अर्धा आकडा नदीबद्दल खोटं बोलतो,
आणि त्या आकड्यावर खाली लोक म्हशी सोडतात.

तरी एक ठोकळा बाजूला ठेवला,
झाडाला न बांधलेला.
टाकलेल्या अर्ध्या नोंदी तिथं जातील.
चौसष्ट पानं. कुणी वाचणार नाही.
भरला की मीच पुसेन.

आता रिले लावलाय,
सकाळपर्यंत हजारदा वीज तोडायची, हजारदा जोडायची.
टक. टक.
शेजारच्या कुंभोजकर काकू उद्या विचारतील,
नवं घड्याळ घेतलंस का गं?
हो म्हणेन.