इमान बघायला

पोरं घेऊन येणार असाल
तर परुळ्याच्या बाजारातून डांबरी रस्त्यानं येऊ नका.
जवळ पडतो, पण चिऱ्याचे डंपर असतात,
आणि डंपरवाल्याला सायकल दिसते ती आरशात,
मागं पडल्यावर.

शाळेमागची वाट धरा.
सुरुवातीलाच घाटी आहे. उतरून ढकलायची.
ढकलण्यात कसली लाज, असं मी दुर्वांकला सांगतो,
पण त्याची आई न उतरता चढते.
सायकल तिची आठवीत शाळेतून मिळालेली,
दांड्यावरचं योजनेचं नाव घासून
नुसतं 'मुलींसाठी' एवढंच उरलंय.
मागं कॅरियरवर टॉवेलाची गादी, तिच्यावर मिनू,
मिनूच्या मांडीत डबा,
डब्यात उकडलेली अंडी, मीठ वेगळ्या पुडीत.

घाटी संपली की सडा.
वारा समोरून येतो. बोलू नका, पायडल मारा.
गडग्याच्या कडेकडेनं काजू लागतील,
जानेवारीत आलात तर मोहोराच्या वासानं
थोडं गरगरल्यासारखं होईल. ते बरंच असतं.
पुढं नुसता कातळ.
टिटवी ओरडेल. तिचा हक्कच आहे.
मार्चनंतर चाक जपून घाला,
तिची अंडी उघड्यावर असतात, अगदी खड्यांसारखी,
आणि आपण खडे चुकवत नाही.

तारेच्या अलीकडं एक जांभळीचं झाड आहे.
सायकली तिथं लावा.

तारेपलीकडचं मला विचारा.
मोजणी झाली तेव्हा मी एकोणीस वर्षांचा,
सर्वेअरच्या हाताखाली, रोजंदारीवर,
लाल-पांढरी पट्टी धरून उन्हात उभा.
जरा डावीकडं. अजून. आता हलू नकोस.
दोन महिने मी न हलण्याचे पैसे घेतले.
आज जिथं चाकं टेकतात
तिथं पावसात तळी भरायची, गुरं बसायची.
हे मी दर वेळी सांगतो.
दर वेळी दुर्वांक म्हणतो, माहीत आहे, बाबा.

बसलोय का मी विमानात? नाही.
पण ते उतरतं तेव्हा पायाखालची जमीन
मला अजून आखलेली दिसते.

सगुणतात्या म्हशी वळवता वळवता विचारतात,
'आज इमान येतला मां?'
'येतला म्हणतत.'
आमच्याकडं विमानाला इमानच म्हणतात.
मिनूच्या बाईंनी वहीत त्यावर लाल गोल केला,
खाली लिहिलं, विमान. इमान म्हणजे वेगळं.
वेगळं म्हणजे काय, तिनं कॅरियरवरून विचारलं.
आई चढावर होती, तिला दम लागलेला,
म्हणाली, म्हणजे... येतो म्हटलं की... येणं.
मिनू गप्प.
मग सड्यावर पोचल्यावर,
'मगे ह्या रोज कित्याक येणा नाय?'

त्या दिवशी नाहीच आलं.
आम्ही अंडी खाल्ली, सालं पिशवीत भरली,
तारेपलीकडून शिट्टीवाला गार्ड म्हणाला, कॅन्सल,
आणि त्यालाच वाईट वाटल्यासारखा
टोपी काढून डोकं खाजवत उभा राहिला.
खाली कर्लीची खाडी पितळेच्या ताटासारखी.
दुर्वांकनं एक काठी शोधली,
कातळावर सरळ धरून उभा राहिला, म्हणाला, बाबा, बघ, हलतो का?
हलत होता.
मिनू लांब गेली, जांभळीच्याही पलीकडं,
दोन्ही हात पसरून वाऱ्यावर धावत आली,
तोंडानं आवाज करत,
आणि बरोब्बर काठीपाशी न थांबता
पुढं टिटवीच्या अंगावर गेली.

परतताना घाटीत पुढचा ब्रेक एकटा दाबू नका.
दोन्ही थोडेथोडे.
लहानग्याला सांगा, पाय चाकापासून लांब ठेव.
आणि काळोखाच्या आत बाजार गाठा,
सदू वेंगुर्लेकराकडं सहानंतर
पंक्चर काढून मिळत नाही.