बोटभर जास्त

भुसावळला, जामनेर रोडवर, पिठाच्या गिरणीला लागून
भंगाळे रद्दी डेपो.
दाराशी दादांचा काटा. आत स्टुलावर मी,
नववीतली,
घरात इंग्रजी वाचणारी एकटीच,
म्हणून इंग्रजी मासिकं माझ्या वाटणीला.

दोनच घरांतून यायची ती.
रेल्वे कॉलनीतले डेस्मंड साहेब, रिटायर्ड गार्ड,
त्यांची बहीण लीड्सला;
स्वतः वाचून झाली की सुतळी बांधून
बोटीनं पाठवायची, चार महिन्यांनी पोचायची.
आणि नेहेते डॉक्टरीणबाई. मुलगा ओहायोत,
दर दिवाळीला बॅगेत शर्टांच्या खाली
मासिकं घालून आणायचा.

विलायती उंच, सडपातळ.
अमेरिकन बुटकी आणि अंगानं भरलेली,
निम्मी पानं मोटारींच्या जाहिरातींची.
कंपासातली पट्टी लावली:
एक इंच, वर दोन रेघा.
गठ्ठा खालून नीट बसवला
तर वर पायरी पडायचीच.
दादा वैतागायचे,
"एकच भाषा ना त्याह्यची?
मंग माप एक ठेवाले काय जातं?"

कोपऱ्यात किंमत होती. मी वाचून दाखवली,
एक पौंड वीस.
दादांनी अंक उचलून पारड्यात टाकला,
समोर पाव किलोचं वजन.
अंक वरच राहिला.
"अर्धा पौंडबी भरत नाही.
अन् वर वीस कशाचे?"
पौंड म्हणजे तिकडचे पैसे, मी म्हटलं.
"मंग पैशाले वजनाचं नाव कायले ठेवलं?"
मी नंतर एम. ए. झाले,
उत्तर अजून देता आलेलं नाही.

अमेरिकन अंकावर अडीच डॉलर,
त्याच्याखाली बारीक अक्षरात कॅनडाचा भाव, थोडा चढा.
शेजाऱ्यालाही सोडत नव्हते.
आणि पान उलटलं की मांडीवर कार्ड गळायचं:
वर्षाचे बारा अंक, फक्त बारा डॉलर.
सुटे घेतले तर तीस!
मला वाटलं, छापणारा चुकला.
दादा हसले,
"सावद्याले जाऊन ये एकदा.
घडाचा भाव अलग, डझनाचा अलग."

कार्डावर लिहिलं होतं, तिकीट लागणार नाही.
नाव, पत्ता, गाव भुसावळ,
सगळं भरून मी ते हेड पोस्टाच्या पेटीत टाकलं.
तिसऱ्या दिवशी सपकाळे पोस्टमन ते घेऊन दारात.
"पोरी, तिकीट माफ आहे,
पण पेटी तिकडची पाहिजे."

आमच्याकडे दोघांना एकच भाव.
गुळगुळीत कागद, सव्वा रुपया किलो.
वर्तमानपत्राला दोन,
कारण ते भज्यांचं तेल पितं.
फक्त स्टेशनबाहेरचा भिका दाणेवाला
विलायती पानं मागून न्यायचा.
लांब कागदाची पुडी खोल दिसते,
दाणे तेवढेच,
गिऱ्हाईक खूश.
तो जास्तीचा इंच
आख्ख्या तालुक्यात त्यालाच पावला.

मी बारा अंक बाजूला काढले. सहा आणि सहा.
रशीद पिंजारींकडे बाइंडिंगला नेले.
त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला, पायरी पाहिली,
चष्मा कपाळावर सरकवला.
"कटिंग मारली तर उंच्यांची मुंडी जाईल.
लहान्याला उंच करायचं मशीन
माझ्याकडे नाही, बेटा."
वरच्या ओळी जाणार होत्या,
लेखांची नावं, एका बाईचा फोटो कपाळापासून.
मी म्हटलं, राहू द्या तसंच.
लाल कापडी पाठ, आणि डोक्यावर
दातरं.

तीन रुपयांच्या रद्दीला अकरा रुपयांचं बाइंडिंग.
दादा काही बोलले नाहीत.
वहीत लिहिलं: पुस्तक १.
मग गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा
ते उचलून पारड्यात ठेवलं.
पावणेतीन किलो.
"याचे पौंड किती होतात गं?"
सहा, मी सांगितलं, सहाला थोडं वरच.
काटा थांबेपर्यंत त्यांनी वाट पाहिली.
"हां," म्हणाले, "आता भरला."