दीड फुटाची भिंत

ईरण्णा स्टुलावर चढला, डब्याला हात लावला
आणि म्हणाला, "काका, हे तापालंय की. हळेदू झालं."
हळेदू म्हणजे जुनं.
एवढं कन्नड मला उद्यमबागेत पहिल्याच आठवड्यात आलं,
फौंड्रीत सगळंच हळेदू होतं, फोरमनसकट.

नवा डबा चार हजार दोनशे. सहा शिंगांचा.
माडीसाठी त्याचं पिल्लू, अठराशे वेगळे.

सुयश पुण्याहून रोज तेच सांगतो:
"पप्पा, आई परत गोठली."
खरंच गोठते ती.
तोंड अर्धवट उघडं, हात कुकरकडे,
आणि शिटी त्याच्याकडे नंतर पोचते, एकटीच.
लीलाला विचारलं तर म्हणाली, "बरंय की,
तेवढ्यात माझी भाजी परतून होते."

चाळीस वर्षं मी लाकडाचे साचे केले.
ओतलेलं लोखंड निवताना आक्रसतं,
म्हणून साचा जरासा मोठा धरायचा, शंभराला एक.
कंपनी म्हणते, तुमच्या घरी शंभर येतात.
माडीवर पोचतात सात.
इतकं आक्रसणारं लोखंड मी जन्मात बघितलं नाही.

दोष भिंतीचा. म्हणजे माझाच.
अठ्ठ्याऐंशी साली पीएफ काढून
खानापूरहून चिरा आणवला, गाडीमागून गाडी.
गवंडी म्हणत होता, नऊ इंच पुरे.
मी दीड फूट धरलं.
भिंतीतून काही आरपार जावं,
असं तेव्हा अनगोळात कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

ईरण्णानं आपला फोन दाखवला.
गल्लीतली सगळी घरं एकाखाली एक,
मोरबद, हुद्दार, कलमठ, मुचंडी,
सगळ्यांची नावं इंग्रजी अक्षरांत.
रस्त्यावरच्या पाट्यांवरून इथं काय काय झालं,
आणि हवेतल्या पाट्यांना
डांबर फासायला कुणी शिडी आणत नाही.

मग त्यानं ते सांगितलं.
"नव्याची लहर भन्नाट पळतंय काका,
पण चिऱ्याला भितंय.
जुनी असते सावकाश, पण भिंत ओलांडून जातंय."

मी काही बोललो नाही.
मागच्या अंगाला, कंपाउंडच्या पलीकडे
निंगव्वाच्या टाकीचं झाकण आहे.
रात्री साडेनऊला तिचा नातू सिद्दू त्यावर बसतो,
तोंडावर निळसर उजेड, मांडीवर वही,
डास मारत मारत कसले तरी व्हिडिओ बघतो, गणिताचे.
आमच्या डब्याला जोडलेली नावं पाच.
सहावं मी एकदा बघितलं होतं.
पासवर्ड त्याला मी दिलेला नाही.
लीलानं दिला असावा. विचारलं नाही.
विचारलं असतं तर काहीतरी करावं लागलं असतं.

"मग, बेकू का ब्याडा?" ईरण्णा खाली उतरला.
"जुना मला द्या बदलीत, तीनशे कमी करतो."

तीनशे म्हणजे थोडे नाहीत. पेन्शनीत तर नाहीतच.
मी एकदा छताकडे बघितलं, एकदा त्याच्या पिशवीकडे.
म्हटलं, पिल्लू नको. नवा बसव.
आणि जुन्याला एक लांब वायर दे, मागच्या खोलीपर्यंत.
"कशाला काका? वीज खातंय उगीच."
खाऊ दे.

संध्याकाळी सागाची फळी शोधली,
एका पंपाच्या साच्यातून उरलेली, अजून गुळगुळीत.
मागच्या खिडकीत मारली.
अर्ध्या दोऱ्यानं वाकडी बसली,
पण डबा काही त्यातून ओतायचा नव्हता.

आता सुयश खूश आहे. मी त्याला लख्ख दिसतो,
नाकातले केससुद्धा, असं म्हणतो.
फक्त आई अजून गोठते, हे त्याला कळत नाही.
त्याला कुठं माहीत,
तिनं आपला फोन जुन्यालाच जोडून ठेवलाय.